हवा काढताना

धोपाव्याच्या उतारावर, फेरीबोटीच्या रांगेत
पेडल खाली गेलं ते गेलंच.
बोटांनी ओढलं तर चिखलातून चप्पल निघावी तसं वर आलं,
आणि परत गेलं.
मागचे हॉर्न वाजवू लागले.
बोटीवरचा पोरगा साखळी धरून थांबला,
मग नाही थांबला.
चौघांनी ढकलून गाडी भेंडीखाली लावली.

अँबॅसडर. कधीकाळी बीडीओंची होती,
लिलावात घेतली; उन्हं तिरकी झाली की
दाराच्या रंगाखालून अजून 'शासन' उमटतं.
तिच्यातून मी कोकमाच्या बाटल्या दापोलीला नेते
आणि दर खेपेला कुणीतरी विचारतंच,
चालवायला कोण आहे?

शृंगारतळीहून रज्जाक सारंग आला, एसटीने,
काखेत गोणपाटाची पिशवी.
लाँचच्या इंजिनापाशी बावीस वर्षं काढली त्याने,
दोन्ही कान तिथेच राहिले.
म्हणून तो सहसा विचारत नाही. बघतो, हुंगतो.
पेडल दहा वेळा दाबलं: अकराव्याला जरा धरलं, मग सुटलं.
पायाखालचं मॅट उचलून बोट फिरवलं: कोरडं.
बॉनेटखालची डबी उघडली: तेल तळाशी,
कोऱ्या चहासारखं.
मग पाठीवर झोपून खाली सरकला,
खालच्या सिलिंडरचं रबरी टोपण उचकटलं,
आणि खडीवर ठिबकलं.

"ह्यात काय ओतलंस?"
सगळ्या जेटीला ऐकू जाईल असं.
मी मान हलवली. काही नाही.
त्याने आतलं वॉशर माझ्या तळहातावर ठेवलं:
फुगलेलं, मऊ,
रात्रभर भिजत घातलेल्या वालासारखं.

किट चिपळूणहून यायचं होतं, कंडक्टरच्या हाती.
तोवर पाणी चढलं, उतरू लागलं.
तो सिलिंडर आतून पॉलिश पेपरने घासत बसला;
खाऱ्या वाऱ्याने आत टोचे पाडले होते,
नखाने चाचपायचा, पुन्हा घासायचा.
मी बाटल्या सावलीत हलवल्या.
एकदा सांगायचं ठरवलंसुद्धा,
पण त्याची पाठ होती माझ्याकडे
आणि त्याच्या पाठीला सांगून काय उपयोग.

चारच्या गाडीने रबरं आली.
मग तो खाली, मी सीटवर.
पान्याचा चासीवर एक टक्: दाब.
दोन टक्: सोड.
मधल्या वेळात धरून ठेवायचं, मांडी थरथरली तरी.
नळीतून बाटलीत बुडबुडे जात असणार, मला दिसत नाहीत.
त्याला मी दिसत नाही.
त्याला फक्त तो दांडा दिसतो, बोटभर सरकणारा,
त्यावरून कळतं माझा पाय कितपत मनापासून दाबतोय ते.
तेल काही ठेवून घेत नाही, दिलं तेवढं पोचवतं.
हवा मात्र सगळं ऐकून घेते,
आकसते,
आणि पुढे कुणाला काही सांगत नाही.

एक टक्. दोन टक्.
किती वेळा, मोजलं नाही.
पेडल आधी कापूस, मग ओला कापूस, मग
अंधारात पायाला पाय लागावा तसं
पलीकडे कुणीतरी.

तीन टक्.
हे काही ठरलं नव्हतं.
मी उतरले, उकिडवी बसले, गाडीखाली तोंड नेलं
आणि ओठ नीट हलवत म्हटलं:
शिलाई मशीनचं तेल. मागच्या महिन्यात.
डबी रिकामी दिसली, घाईत होते,
तीच बाटली हाताशी होती.

तो माझ्या ओठांकडे बघत राहिला.
"ते रबराने सकाळीच सांगितलंन," म्हणाला.
"वरचं पण फुगलं असेल. दुसरं किट मागव.
तोवर रोज डबी बघ. बघ फक्त, ओतू नको."

शेवटची बोट लागत होती.
उतारापुरता तो शेजारी बसला,
तळवा डॅशबोर्डवर सपाट ठेवून.
पहिला पडला. दुसरा पडला,
कुरकुर न करता,
आणि ते त्याला माझ्याआधी कळलं.
फळीपाशी उतरला, पिशवी झटकली,
मजुरी सांगितली,
सगळ्या जेटीला ऐकू जाईल अशी.